घरच्या डिस्टिलेशन सेटवर आच किती ठेवायची आणि थंड पाणी किती सोडायचं

आधी तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. १५ लिटरचं स्टीलचं भांडं आहे, आत ८ लिटर पाणी, वर जाळीवर गवती चहाची कापलेली पानं, खाली २००० वॅटची हॉटप्लेट, आणि वाफ थंड करायला तांब्याची कॉइल एका २० लिटरच्या बादलीत बुडवलेली. थेंब पडायला लागल्यावर पहिला अर्धा तास मस्त चालतं, मग कॉइलच्या तोंडातून सरळ वाफच यायला लागते. बर्फ टाकला की जरा वेळ बरं वाटतं, नळ सोडून ठेवला तर पाणी किती जातंय याला धरबंध राहत नाही, आणि आच बारीक केली तर थेंबच थांबतात. तेल मात्र व्हायला पाहिजे त्यापेक्षा कमी येतंय.

मी बरीच वर्षं याच कामात आहे, पानाफुलांचे अर्क आणि सुगंधी तेलं काढतो, आणि हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपात सारखा विचारला जातो. कोणी म्हणतं कॉइल लहान पडतेय, कोणी म्हणतं पाणी गार नाही, कोणी म्हणतं तांबं बदलून स्टील लावू का. कॉइलचा दोष क्वचितच असतो हो. आच आणि पाणी हे दोन वेगळे प्रश्न धरले जातात तिथेच सगळं बिघडतं. खालून जेवढी उष्णता वाफेत जाते तेवढी सगळीच्या सगळी कंडेन्सरमध्ये (वाफ थंड करणारा भाग, तुमच्याकडे बादलीतली कॉइल) परत काढून घ्यावी लागते, त्यात सूट नाही. म्हणून आच आधी ठरवायची, आणि पाणी त्या आचेवरून ठरतं. पाणी वाढवून आचेची चूक झाकायला गेलात की पाणी संपतं आणि चूक तशीच राहते.

एक गोष्ट आधीच सांगतो, मी जे लिहितोय ते पाण्याच्या वाफेवर चालणाऱ्या कामाबद्दल, म्हणजे अर्क आणि तेल. घरी अल्कोहोल गाळायला बहुतेक देशांत परवाना लागतो किंवा ते सरळ बेकायदा आहे, आणि त्याची वाफ पेट घेणारी असते, हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली जमिनीलगत साचते. ते काम या उत्तरात नाही आणि खालचे आकडे त्याला लावूही नका.

आता आचेचं बघू. पाणी एकदा उकळायला लागलं की कितीही आच वाढवा, उघड्या तोंडाच्या सेटमध्ये तापमान १०० च्या आसपासच राहतं. वाढतं ते वाफेचं प्रमाण. म्हणून भांड्यात थर्मामीटर खोचून त्याच्याकडे बघत बसण्याने काही कळत नाही, तो पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत जवळपास एकच आकडा दाखवणार. आणि थर्मोस्टॅट लावून आच कंट्रोल करायचा विचार असेल तर तोही सोडा, कारण थर्मोस्टॅट ९८ वर लावला तर उकळी धड येणार नाही आणि १०२ वर लावला तर तो कधी बंदच होणार नाही. इथे कंट्रोल करायचे असतात ते वॅट.

वॅट मोजायला वेगळा मीटर नसला तरी चालतं, कॉइलमधून पडणारी धार हाच तुमचा मीटर आहे. १०० डिग्रीच्या १ किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात, त्यावरून हिशोब केला तर १ किलोवॅट उष्णता वाफेत गेली की मिनिटाला साधारण २७ मिली अर्क जमतो. मोजपात्र घ्या, मोबाइलवर एक मिनिट लावा, जेवढे मिली जमले त्याला २७ ने भागा, आलेला आकडा म्हणजे वाफेत खरोखर जाणारे किलोवॅट. गॅसवाल्यांना तर याच्यापेक्षा सोपा मार्गच नाही, कारण गॅसच्या नॉबवर वॅट लिहिलेले नसतात आणि अर्धी आच भांड्याच्या बाजूने हवेत जाते. ही सवय लावून घ्या, दर रनला (म्हणजे सेट एकदा भरून चालवला की) दोन-तीन वेळा मोजायचं आणि वहीत लिहायचं.

तुमच्या सेटवर २००० वॅटपैकी समजा ३०० वॅट भांड्याच्या भिंती, झाकण, वरचा गळा (झाकणापासून कॉइलकडे वाफ नेणारा भाग) आणि हॉटप्लेटच्या कडांमधून हवेत जातात असं धरू. राहिले १७००. म्हणजे मिनिटाला ४५ मिलीच्या आसपास, तासाला २.७ लिटर अर्क. १५ लिटरच्या भांड्याला हे जास्त आहे. एवढ्या जोराने वाफ सोडली की ती पानांच्या थरातून सगळीकडे सारखी फिरत नाही, एखादी मोकळी वाट धरते आणि तिथूनच सुसाट वर जाते, बाकीची पानं नुसती ओली होऊन बसतात. रन संपल्यावर झाकण काढून पानं बघा, मध्ये किंवा एका कडेला पूर्ण शिजलेली, रंग गेलेली पानं आणि बाजूला अजून हिरवट, चुरगळली की वास येणारी पानं असं दिसलं तर वाफ वाट काढतेय हे नक्की. तेल कमी येण्याचं एक कारण हे असू शकतं, दुसरं कारण म्हणजे ती तोंडातून सुटणारी वाफ. घरभर गवती चहाचा वास सुटला की पाहुण्यांना बरं वाटतं पण तो वास म्हणजे तुमचं तेलच चाललंय बाहेर.

आच बारीक केली की थेंब का थांबतात तेही याच हिशोबात आहे. हवेत जाणारे ३०० वॅट आच कमी केली म्हणून कमी होत नाहीत, भांडं १०० डिग्रीलाच असतं ना, ते तेवढीच उष्णता सोडत राहतं. म्हणजे प्लेट १००० वॅटवर आणली तर वाफेला ७०० मिळतात, निम्म्या आचेत निम्मा अर्क येत नाही, ४० टक्क्यांच्या आसपास येतो. ५०० वर आणली तर उरतात फक्त २००, मिनिटाला पाच-साडेपाच मिली, आणि त्यातलीही बरीचशी वाफ वरच्या गळ्यातच थंड होऊन परत भांड्यात टपकते. तेव्हा आधी भांड्याच्या भिंती, झाकण आणि कॉइलपर्यंतची नळी गुंडाळा. हॉटप्लेट असेल तर ग्लासवूल किंवा सिरॅमिक वूल आणि वरून ॲल्युमिनियम फॉइल चांगलं चालतं (ग्लासवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क), गॅसची ज्योत असेल तर कापड, थर्मोकोल, फोम असलं काहीही जवळ आणायचं नाही. गुंडाळल्यावर तीच प्लेट १००० वॅटवर किती शांत आणि सारखी चालते ते बघाल, धार मोजली की फरक लगेच आकड्यात दिसतो.

हॉटप्लेटचा अजून एक त्रास आहे तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. नॉब निम्म्यावर आणला म्हणजे प्लेट १००० वॅटवर चालते असं नाही, आतला स्विच तिला थोडा वेळ पूर्ण २००० वर चालवतो आणि थोडा वेळ पूर्ण बंद ठेवतो. सरासरी निम्मी होते पण वाफ झटक्यात येते, धार जोरात पडते मग थांबते, परत जोरात. बऱ्याच इंडक्शन शेगड्यासुद्धा खालच्या सेटिंगला असंच करतात. बंद असतानाच्या वेळात भांड्यातली वाफ आकसते आणि कॉइलच्या तोंडातून हवा आत ओढली जाते, कान दिलात तर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो. यावर उपाय दोन. भांड्याखाली जाड लोखंडी तवा किंवा जाड ॲल्युमिनियमची प्लेट ठेवली तर ती उष्णता धरून ठेवते आणि झटके बरेच कमी होतात. किंवा साध्या कॉइलवाल्या हॉटप्लेटला बाहेरून पॉवर रेग्युलेटर लावायचा आणि प्लेटचा स्वतःचा नॉब फुल ठेवायचा. रेग्युलेटर प्लेटपेक्षा चांगला दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्या, २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ ॲम्पिअर सतत तासन् तास जाणार आहेत, पंख्याचा डिमर लावून चालणार नाही, तो जळेल. आणि हा रेग्युलेटर इंडक्शनला किंवा पाण्याच्या पंपाला लावायचा नाही, फक्त साध्या हीटरला.

व्होल्टेज कमीजास्त होत असेल तिथे काहीही न बदलता धार बदलते, कारण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. व्होल्टेज १० टक्के उतरलं की २००० वॅटचा हीटर १६२० वर येतो, आणि हवेत जाणारे ३०० तसेच राहिल्यामुळे अर्क बावीसेक टक्क्यांनी घटतो. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की धार बारीक होते त्याचं कारण हे. घाबरायचं काही नाही, फक्त व्होल्टेज परत चढलं की वाफही वाढणार हे ध्यानात ठेवून पाण्यात थोडी शिल्लक ठेवायची.

सुरुवात मात्र फुल आचेवरच करा. ८ लिटर पाणी २५ वरून १०० ला न्यायला १७०० वॅटवर पंचवीस मिनिटं लागतात, पानं आणि भांडं धरून अर्धा तास, तिथे आच वाचवून काही मिळत नाही. या काळात गळ्याला अधूनमधून हात लावून बघायचा. खालून वर गरम होत येतं, आणि गळ्याचा वरचा भाग हात ठेववणार नाही इतका तापला की वाफ आता कॉइलकडे वळणार, त्या क्षणी आच खाली आणायची, थेंबाची वाट बघत थांबायचं नाही. फुलं, बारीक वाटलेला माल किंवा फेस येणारं काही असेल तर हा क्षण चुकला की फेस वर चढतो, कॉइलमध्ये शिरतो आणि अर्क गढूळ होतो. पानं पाण्यातच टाकून उकळत असाल तर भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

आता पाणी. वाफ पाणी होताना तिने घेतलेले ते २२५७ किलोज्यूल परत सोडते, आणि त्या गरम पाण्याला पुढे ४० डिग्रीपर्यंत आणायला अजून २५० च्या आसपास काढावे लागतात. म्हणजे दर लिटर अर्कामागे साधारण २५०० किलोज्यूल. थंड पाणी आत जाताना होतं त्यापेक्षा ३० डिग्रीने गरम होऊन बाहेर येत असेल तर १ लिटर अर्काला २० लिटर पाणी लागतं. ४० डिग्रीने गरम होत असेल तर १५ लिटर, आणि फक्त १० डिग्रीने गरम होत असेल तर ६० लिटर. यातच पाणी वाचवण्याचं सगळं गणित आलं. नळ फुल सोडला आणि बाहेर येणारं पाणी हाताला जेमतेम कोमट लागतंय म्हणजे तुम्ही तिप्पट-चौपट पाणी उगाच सोडताय, अर्क त्याने जास्त येत नाही. बाहेरचं पाणी ५० ते ५५ डिग्रीला ठेवायचं, हात फार वेळ ठेवता येत नाही इतपत गरम. साठच्या पुढे मी नेत नाही, कारण पाणी जड असेल तर तिथून पुढे क्षार भराभर बसायला लागतात आणि कॉइलवर पांढरा थर चढला की ती उष्णता सोडेनाशी होते.

तुमच्या बादलीचं आता करू. १७०० वॅटची वाफ कॉइलमध्ये शिरली की बादलीत जवळपास १९०० वॅट सोडते, कारण अर्क थंड होताना सोडतो ती उष्णताही त्यात आली. २० लिटर पाणी त्यावर मिनिटाला सव्वा ते दीड डिग्रीने तापतं, म्हणजे २५ वरून ६० ला पोचायला पंचवीस-तीस मिनिटं. तुमचा "पहिला अर्धा तास मस्त" तो हाच. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, म्हणजे १९०० वॅटपुढे तीन मिनिटंही नाहीत, आणि वितळलेलं पाणी ५० पर्यंत तापेपर्यंतचं धरलं तरी पाच मिनिटांच्या आतच खेळ संपतो. बर्फावर पैसे घालवू नका.

बर्फाचा दुसरा तोटा मला जास्त वाईट वाटतो. बादलीतलं पाणी सगळीकडे सारखं तापत नाही. वाफ कॉइलच्या वरच्या वेढ्यांत शिरते तिथलं पाणी आधी तापतं, गरम पाणी हलकं म्हणून ते वरच राहतं, आणि खाली तळाशी पाणी गारच असतं. हे फार उपयोगाचं आहे, कारण वाफेला वरच्या गरम पाण्यातही पाणी व्हायला काही अडचण नसते, आणि मग तो गरम अर्क खाली उतरत उतरत तळाच्या गार वेढ्यांतून निवून बाहेर पडतो. बर्फ नेमका वर तरंगतो, वितळलेलं गार पाणी खाली बुडताना सगळे थर ढवळून टाकतं, आणि पूर्ण बादली एकसारखी कोमट होऊन बसते. काहीजण तर काठीने ढवळतात. ढवळू नका.

बादलीला बाहेरून हात लावून वरून खाली सरकवत न्या. वर चटका बसतो, आणि एका ठिकाणी चार-पाच बोटांच्या अंतरात एकदम गार लागायला लागतं. ती रेघ हळूहळू खाली सरकत असते. ती बादलीच्या निम्म्यावर आली की पाणी घालायची वेळ झाली, दोन तृतीयांशाच्या खाली गेली की तोंडातून वाफ दिसायला आता फार वेळ लागणार नाही. प्लॅस्टिकच्या बादलीवर हे जास्त स्पष्ट कळतं, स्टीलची बादली स्वतःच उष्णता वरून खाली नेते म्हणून तिथे रेघ जरा पसरट असते. मी अजूनही थर्मामीटर बघायच्या आधी हात लावून बघतो.

मग पाणी घालायचं कसं, तर वरून ओतायचं नाही. एक पाईप थेट तळापर्यंत सोडा आणि गार पाणी तिथून बारीक धारेने येऊ द्या, आणि बादलीच्या काठाच्या खाली एक भोक पाडून तिथून वरचं सगळ्यात गरम पाणी आपोआप बाहेर जाऊ द्या. जाकीटवाला सरळ कंडेन्सर (वाफेच्या नळीभोवती थंड पाण्याची दुसरी नळी) असेल तरी नियम हाच, पाणी खालून आत, वरून बाहेर, म्हणजे जाकीट पूर्ण भरलेलं राहतं आणि आत हवेचे फुगे अडकत नाहीत. काचेचा कंडेन्सर असेल तर वाफ पोचायच्या आधी पाणी सुरू झालेलं पाहिजे. विसरलात आणि काच तापली तर आच बंद करून ती निवू द्यायची, तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी सोडलं तर ती तडकू शकते.

तुमच्यासाठी मी आच अशी ठेवेन: गळा तापेपर्यंत २०००, मग १००० ते १२०० वॅट, भांडं गुंडाळलेलं. मिनिटाला २० ते २५ मिली धार मिळाली की थांबायचं, त्यापुढे आच वाढवायची नाही. त्याला पाणी लागेल मिनिटाला अर्धा लिटर, ३० डिग्री फरक धरून. एक लिटरचा मग नळाखाली धरा आणि तो दोन मिनिटांत भरेल एवढीच धार सोडा, एवढी बारीक धार बघून सुरुवातीला विश्वासच बसत नाही. मग दहा मिनिटांनी वरून बाहेर येणाऱ्या पाण्याला थर्मामीटर लावा, ५५ च्या वर असेल तर किंचित वाढवा, ४० च्या खाली असेल तर कमी करा, आणि प्रत्येक वेळी नळ हलवल्यावर पाच-सात मिनिटं काही करू नका, बादलीला नवीन हिशोब बसवायला तेवढा वेळ लागतो. लोक इथे घाई करतात, दर मिनिटाला नळ फिरवतात, मग कशाचा परिणाम कशावर झाला तेच कळत नाही.

नळाचं प्रेशर सारखं बदलत असेल तर नळ थेट जोडू नका. उंचावर एक बादली ठेवून ती नळाने सतत काठोकाठ भरलेली ठेवायची, जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोने परत टाकीत, आणि कंडेन्सरला पाणी त्या बादलीतून द्यायचं. पाण्याची उंची तीच राहिली की धारही तीच राहते.

पाणी फिरवत ठेवायचं असेल, म्हणजे ड्रम आणि पंप, तर ड्रम किती मोठा पाहिजे ते आचेवरून ठरवा. १०० लिटरचा ड्रम तुमच्या आत्ताच्या १९०० वॅटवर तासाला १६ डिग्रीने तापेल, दोन तासांत कामातून गेला. तोच ड्रम १००० वॅटच्या आचेवर, कंडेन्सरमध्ये साधारण ८०० वॅट येत असताना, तासाला ७ डिग्रीच तापतो, तीन तासांचा रन आरामात निघतो. ड्रममध्येही पंप तळाशी आणि परत येणारं गरम पाणी वर अलगद सोडायचं, म्हणजे थर टिकतात. पंपाच्या डब्यावर लिहिलेला लिटरचा आकडा पाणी अजिबात वर न चढवता असतो, मीटरभर चढवलं की बराच खाली येतो, तेव्हा एक लिटरचा मग धरून धार मोजाच. पंप पाण्यात आणि हॉटप्लेट शेजारी, त्यामुळे लाईनला अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळली की लाईन तोडणारा) हवाच, आणि वायर बोर्डाच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यायची म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी बोर्डात शिरत नाही. वरच्या थरातलं ५० डिग्रीचं पाणी स्वच्छ असेल तर पुढच्या रनला भांड्यात तेच भरा, तापायचा एक तृतीयांश वेळ वाचतो.

अर्क कितपत गार पाहिजे हेही विचारा स्वतःला, कारण जितकं गार तितकं चांगलं हे प्रत्येक मालाला खरं नाही. गवती चहाला ३० ते ४० डिग्री छान. गुलाबाच्या तेलात मेणासारखा भाग असतो, २० डिग्रीच्या आसपास ते तेल घट्ट व्हायला लागतं. बडीशेपेच्या तेलातला मुख्य घटक २१ डिग्रीच्या आसपास गोठतो. पुदिन्याच्या मेंथॉल जास्त असलेल्या तेलातून गारठ्यात स्फटिक धरतात, आणि कापूर तर वाफेतून सरळ कॉइलच्या भिंतीवर चिकटून बसतो. असल्या मालाला बर्फाचं पाणी दिलं तर तेल नळीतच अडकेल. वाळ्याचं तेल जाडसर, आणि त्याचं वजन पाण्याच्या इतकं जवळ असतं की अर्क जरा कोमट ठेवला तरच ते सेपरेटरमध्ये (तेल आणि पाणी वेगळं करणारं भांडं) नीट सुटं होतं. असल्या वेळी पाणी मुद्दाम कमी सोडायचं, अर्क ४०-४५ ला बाहेर येऊ द्यायचा.

आणि नळी अडकणं ही नुसती नुकसानीची गोष्ट नाहीये, धोक्याची आहे. १ लिटर पाण्याची सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते. तोंड बंद झालं आणि खाली प्लेट चालू आहे तर त्या वाफेने जायचं कुठे. म्हणून प्रत्येक रनच्या आधी गार सेटवर कॉइलमध्ये फुंकर मारून बघायची, हवा मोकळी गेली पाहिजे. अर्काच्या वाटेवर कॉक किंवा व्हॉल्व्ह कधीही बसवायचा नाही. झाकण क्लॅम्पने आवळत असाल तर भांड्यावर कमी प्रेशरला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच हवा. कॉइलला कुठेही झोल नको, वरून खाली सतत उतार, नाहीतर झोलात अर्क साठतो, वाफ त्याला ढकलत गुडगुड करत येते आणि धार झटके देते.

कॉइलचं तोंड बरणीतल्या पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत काही ठिकाणी दिसते, तेल उडू नये म्हणून. करू नका. आच बंद झाली किंवा लाईट गेली की भांड्यातली वाफ आकसते आणि बरणीतला गार अर्क उलटा कॉइलमधून गरम भांड्यात ओढला जातो. तोंड पाण्याच्या पातळीच्या वर, मोकळ्या हवेत.

पाणी बंद पडलं तर पहिला हात आचेवर. नळ का गेला, पंप का थांबला हे नंतर बघायचं. विजेची प्लेट असेल तर कंडेन्सरच्या बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या नळीवर ७० डिग्रीचा थर्मल स्विच बांधून त्यावरून कॉन्टॅक्टरमार्फत (जास्त करंट तोडणारा विजेवर चालणारा स्विच) प्लेट बंद करता येते. स्विच रीसेट बटणवाला घ्या म्हणजे तो आपणहून परत चालू होणार नाही. पण पाणी पूर्णच थांबलं तर त्या नळीपर्यंत गरम पाणी पोचतच नाही, म्हणून दुसरा एक स्विच अर्काच्या तोंडाशी, कॉइलच्या शेवटच्या वेढ्यावर हवा. गॅसला हे असलं काही नाही, गॅसवर सेट चालू असताना उठून जायचं नाही एवढंच.

भांड्यातल्या पाण्याचाही हिशोब अर्कावरूनच ठेवायचा. ८ लिटर घातलेत तर ६ लिटर अर्क निघाला की बंद, मग तेल येत असो वा नसो. तळाला पाणी संपलं की खाली गळून पडलेला पानांचा चुरा करपतो आणि तो जळका वास पुढच्या दोन-चार रनपर्यंत जात नाही. गवती चहाचं बहुतेक तेल तसंही सुरुवातीच्या तास-दोन तासांत येऊन जातं, तुम्ही अर्ध्या-अर्ध्या तासाला वेगळी बरणी लावली तर तेलाचा थर कुठे पातळ होतो ते डोळ्यांनीच दिसेल.

बंद करताना आधी आच, मग दहा-पंधरा मिनिटं पाणी तसंच चालू, धार पूर्ण थांबली आणि गळ्याला हात लावता यायला लागला की पाणी बंद आणि झाकण मोकळं. बादलीतली कॉइल महिन्यातून एकदा बाहेरून बघा, पांढरट थर दिसला तर सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवा, घासायची गरज पडत नाही. आधीच्या आणि नंतरच्या रनला सारख्याच आचेवर सारखंच पाणी सोडून अर्काचं तापमान लिहून ठेवलंत तर थर किती अडवत होता ते कळेल.